तालमीतला होकार

रांगेतल्या सगळ्या मुलांनी ‘होय, देवाच्या साहाय्याने’ असं म्हटलं आणि शेवटी, सगळे जिला चौकशीबाई म्हणायचे त्या मुलीची पाळी आली. ती गप्प उभी राहिली.

पाळकसाहेबांना वाटलं, विसरली असेल. शनिवारची दुपार, चर्चमध्ये उकाडा, मुलं कंटाळलेली. त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला. “या विश्वासात तू जन्मभर टिकून राहशील का, आणि त्यासाठी काहीही, मरणदेखील, सोसायची तुझी तयारी आहे का?”

“उत्तर पाठ आहे मला,” चौकशीबाई म्हणाली. “पण ते आज म्हणायचं की उद्या?”

“उद्या. आज नुसती तालीम.”

“मग तालमीतला ‘होय’ देव धरतो की सोडून देतो?”

रांगेत खसखस पिकली. तिच्या शेजारच्या उंच मुलाला सगळे शिडी म्हणायचे. तो म्हणाला, “धरत असेल तर माझं झालंच की! उद्या मी उशिरा उठतो.”

उद्या लुथरन पंथाच्या त्या चर्चमध्ये मुलांचं दृढीकरण होतं. तान्हेपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी त्यांच्या वतीने जो शब्द दिला, तो आता त्यांनी आपल्या तोंडाने द्यायचा होता. त्यासाठी मुलं वर्षभर दर शनिवारी शिकायला येत होती, आणि वर्षभर या पोरीने पाळकसाहेबांना सळो की पळो करून सोडलं होतं. जलप्रलयाच्या गोष्टीत नोहाने तारवात मासे का घेतले नाहीत, इथपासून तिची सुरुवात झाली होती. चौकशीबाई हे नाव काही तिला उगीच पडलेलं नव्हतं.

तिची आई वेदीपाशी फुलं लावत होती. ती कात्री हातात घेऊनच धावत आली. मुलीचा पांढरा पोशाख इस्त्री होऊन टांगलेला होता आणि मावशी मुलाबाळांसकट कालच येऊन दाखल झाली होती.

“घर पाहुण्यांनी भरलंय आणि तू हे काय काढलंस? म्हणून टाक ना एकदाचं! सगळे म्हणतात.”

“म्हणून टाक असं नका सांगू, ताई,” पाळकसाहेब म्हणाले. इतक्या वर्षांत तालमीतल्या ‘होय’चा हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर त्याचं उत्तर काय असेल, याचं आता त्यांनाही कुतूहल वाटू लागलं होतं. चष्मा काढून ते वेदीच्या पायरीवर बसले. “तुला कशाची भीती वाटते? मरणाची?”

“छे! मरायचं एकदाच असतं. जन्मभर म्हणजे रोज. आणि मला रोज काहीच जमत नाही. पोहायला जायचे, सोडलं. बासरी घेतली, ती कपाटावर पडलीय. आईला विचारा.”

“रडून रडून घेतली होती,” आई म्हणाली.

“उद्या सगळ्यांसमोर होय म्हणायचं आणि हेही सोडून दिलं तर? त्यापेक्षा उद्या मी उभीच राहत नाही.”

आता कोणी हसलं नाही. पोरगी नखरे करत नाहीये, हे आईला कळलं. तिने कात्री बाकावर ठेवली. आता तिला पाहुण्यांची आठवणही राहिली नाही.

पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं.

“तुम्ही असे उभे होतात तेव्हा काय केलंत?” चौकशीबाईने विचारलं. “लगेच म्हणालात?”

“लगेच. चांगलं मोठ्याने. माझं सगळं लक्ष बुटांकडे होतं. नवे होते, चावत होते. काय विचारलं तेही मी धड ऐकलं नव्हतं.”

“मग तुमचं धरलं नसेल!” शिडी म्हणाला.

“मलाही तेच वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी घरी परत म्हटलं. बूट काढून.”

“आणि मग?” चौकशीबाई एक पाऊल पुढे आली.

“मग तिसऱ्या दिवशी. आज सकाळीही म्हटलं. एखाद्या दिवशी तोंडातून निघतच नाही. मग त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणतो. एकदम जन्मभराचं मला कधी जमलंच नाही, बाळ.”

चौकशीबाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिची आईही. हा माणूस रविवारी इतकं बोलायचा, पण हे त्याने कधी सांगितलं नव्हतं.

पाळकसाहेबांनी चष्मा चढवला आणि ते उठले. “चला, पुन्हा सुरुवातीपासून. या वेळी मी विचारीन, पण तुम्ही उत्तर द्यायचं नाही. उत्तराची जागा मोकळी सोडायची.”

ते एकेकाला विचारत गेले आणि दरवेळी थांबले. मघाशी मुलांनी उत्तरं भराभर म्हटली होती. आता त्या मोकळ्या जागेत काय करायचं, ते कोणालाच कळेना. शिडीने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले होते.

मग चौकशीबाईची पाळी आली. पाळकसाहेबांनी प्रश्न वाचला आणि ते थांबले. बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“होय,” ती म्हणाली. मग घाईघाईने म्हणाली, “देवाच्या साहाय्याने.”

शिडीने तिला कोपराने ढोसलं. “ए, बोलायचं नाही असं ठरलं होतं ना?”

“अगं, मग उद्या?” आईने घाबरून विचारलं.

“हे आजचं झालं,” चौकशीबाई म्हणाली. “उद्याचं उद्या म्हणेन.”