सौजन्याचे पाच सेकंद

पक्षाघाताने वाचा गेलेल्या खो-खोच्या कोच सुशीलाबाई साळोखे मनात ओरडायच्या, "ऊठ की गं म्हशी!" गळ्यातल्या यंत्राचा कंपायलर त्या विचाराचा आवाज बनवायचा, पण पाच सेकंदांनी: "कृपया उठावे." तोवर समोरची खेळाडू निसटलेली असायची.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञ नफीसाने मैदानातच लॅपटॉप उघडला आणि कंपायलर कुठल्या पायरीवर किती वेळ घालवतो, त्याचा आलेख काढला. साडेचार सेकंद एकट्या 'सौजन्य' पायरीवर जात होते. बाईंचा राग वाढला की ती आणखीच रेंगाळायची. नफीसाने ती पायरीच काढून टाकली.

"हे चालणार नाही! कंपनीचा नियम आहे," म्हणत तिचा साहेब आखलेल्या मैदानात शिरला.

"रेघंच्या बाहेर हो, टोणग्या!" सुशीलाबाई कडाडल्या.

वाक्य संपायच्या आत साहेब रेघेबाहेर होता.