हात धुतलेस?

"लाल! अहो, सापडला एकदाचा!" लॅबवाली एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्याच्या हातातली काचेची नळी पडता पडता राहिली.

तिच्या हातातल्या, जंतू वाढवायच्या प्लेटवर लाल शाईचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके उगवले होते. आजारी बाळांच्या रक्तातून उगवले होते, अगदी तसेच. या जंतूनं आठ दिवस अख्ख्या इस्पितळाच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. नवजात बाळांच्या वॉर्डात तीन बाळं तापानं फणफणलेली, आज सकाळी चौथं. तिनं नळ तपासले, पाळणे तपासले, दुधाच्या बाटल्या, दाराच्या कड्या, काही म्हणून सोडलं नाही. सगळं स्वच्छ! काल एक प्लेट उरली, म्हणून तिनं आपला बेसिनवरच्या साबणाच्या बाटलीतून एक थेंब घेतला. आता साबणात जंतू कोण शोधतं, सांगा! आणि हे महाशय तिथेच आरामात नांदत होते.

तिनं आनंदानं चक्क एक गिरकी घेतली. मग तिला पलीकडची प्लेट दिसली. तीही लाल. तिच्यावर लिहिलं होतं, 'सिस्टर, दोन्ही हात'.

लॅबवालीनं ते दोनदा वाचलं. त्या वॉर्डच्या सिस्टर म्हणजे तिच्या सासूबाई. घरी काय नि इस्पितळात काय, त्यांचा एकच प्रश्न, "हात धुतलेस?" लग्नाआधी ती पहिल्यांदा घरी गेली, तेव्हा बस म्हणायच्याही आधी त्यांनी हेच विचारलं होतं. काल हातांचा नमुना देताना म्हणाल्या होत्या, "घे बाई, नियम म्हणजे नियम. पण प्लेट फुकट घालवते आहेस."

तिनं घड्याळ पाहिलं. दहाला पाच कमी. दहाला बाळांना दूध पाजतात, आणि त्याआधी सासूबाई हात धुतात!

दोन्ही प्लेटा छातीशी धरून ती जी सुटली, ती दोन जिने चढून वॉर्डच्या दारातच थांबली. सासूबाई हात धुऊन पाचव्या पाळण्यावर वाकल्या होत्या.

"आई, थांबा! बाळाला हात लावू नका!"

"ओरडतेस काय? बाळं झोपलीत. आणि बाहेरून आलीस ती हात धुतलेस का?"

"नाही धुतले," ती धापा टाकत म्हणाली. "आणि तुम्हीही धुवायला नको होते."

तिनं प्लेटा पुढे धरल्या. सासूबाईंनी साबणाची पाहिली. मग स्वतःच्या हातांची पाहिली, आणि चष्मा सारखा करून पुन्हा पाहिली.

"आई, बाटली संपत आली की तुम्ही काय करता?"

"काय करणार? पाणी घालते, खळखळून हलवते. तळाचा साबण काय टाकून द्यायचा? मग वरून नवा ओतते."

"आणि बाटली कधी धुतलीत?"

"अगं, साबणाची बाटली कशाला धुवायची? तिच्यात तर..." सासूबाई बोलता बोलता थांबल्या.

"पाणी घातलेल्या साबणात हे मरत नाहीत, आई. वाढतात. तळाला उरतात ते पुन्हा नव्या साबणात."

सासूबाई खाली बसल्याच. "चार वेळा धुते गं मी," त्या पुटपुटल्या. "प्रत्येक बाळाआधी चार वेळा."

लॅबवालीला वाटलं, आता या रडणार. तिचेही डोळे भरून आले. पण दुसऱ्याच क्षणी सासूबाई ताडकन उठल्या.

"बघत काय उभी राहिलीस? सगळ्या बाटल्या उचल! एकही इथं राहता कामा नये. कपाटात सीलबंद खोकं आहे, ते फोड. डॉक्टरांना फोन लाव, आधी माझं नाव सांग. आणि घरच्या बेसिनवरची बाटलीही फेकायची, तिच्यातही मीच पाणी घालते!"

मग काय पळापळ! बघता बघता वॉर्डातल्या सातही बाटल्या दूषित कचऱ्याच्या लाल पिशवीत बांधून बाहेर गेल्या. सासूबाईंनी नव्या साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि ते सुनेपुढे धरले. "घे नमुना. उद्या तुझी प्लेट कोरी निघेपर्यंत मी एकाही बाळाला हात लावायची नाही. दूध तू पाज."

पाचवं बाळ भुकेनं कोकलायला लागलं होतं. लॅबवाली हात धुऊन पाळण्याकडे धावली. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.

"हात धुतलेस?"

"धुतले, आई."

"कशानं?" सासूबाईंनी विचारलं.