दातांचा नियम

दोन वर्षं खपून मी एक खेळ तयार केला. टेबलावर शंभर वर्षांपूर्वीच्या गावाचा नकाशा, प्रत्येकाला एकेक पात्र, आणि गावात कुणीतरी बाई भानामती करतेय. फासे टाकत टाकत तिला शोधून काढायचं.

रविवारी दुपारी मित्र पहिल्यांदाच खेळायला सोलापुरातल्या आमच्या घरी जमले. शेजारच्या कमलम्मा सगळ्यांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आल्या आणि तिथंच बघत बसल्या. त्यांचं तोंड पार बोळकं, म्हणून स्वतःचा तुकडा त्यांनी चहात भिजत घातला.

मी नियम सांगत होतो. "सहा पडले की बाई सापडली. मग तिचे सगळे दात पाडायचे, म्हणजे तिला मंत्र म्हणता येत नाही. हे मी रचलेलं नाही हं, जुन्या कागदांत आहे. त्या काळी असंच करायचे."

मित्र जाम खूश झाले. कमलम्मांनी विचारलं, "आन विरू, त्या बाईनं काईच केलेलं नसलं तर? मग किती पडाय पायजे?"

मी नियमांची वही चाळली. कार्डं उलटून पालटून पाहिली.

"तसं दान ठेवलंच नाही, अव्वा."

त्यांनी कपातला तुकडा बोटानं दाबून पाहिला. तो अजून मऊ झाला नव्हता.



"माझ्या येळंला बी न्हवतं की. सव्वीस वर्साची हुते मी."