डाव्या अंगाची खिडकी

गारखेड्यातल्या फ्लॅटचा सौदा ठरत आलाच होता. तेवढ्यात मालकांनी आडनाव विचारलं आणि ऐकल्यावर म्हणाले, "आमच्या सोसायटीत मटण-मच्छीचा वास चालत नाय." विशाखानं जन्मात अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं. ती उठली, तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती.

फ्लॅटसाठी जमवलेला सगळा पैसा तिनं गाडीतच घर बांधून देणाऱ्या मोटारहोमवाल्यापुढं ठेवला. तो पलंग दाखवी, बाथरूम दाखवी. तिचं आपलं एकच, "किचन डाव्या अंगाला पाहिजे. खिडकी मोठी."

"मॅडम, लोक आधी झोपायचं बघतात. तुमचं खिडकीवरच का अडलंय?"



"गाडी गारखेड्यात एका सोसायटीच्या गेटसमोर, डावं अंग गेटकडं करून लागणार आहे. सुके बोंबील भाजायला कालपासून शिकतेय मी."