आत्तापासून कशाला?

"आत्तापासून कशाला?" लिफ्टचं बटण दाबत मिरान म्हणाली. "सहावीतली पोरं ही. प्रवेशपरीक्षा कुठल्या कुठे आहे अजून. खेळू द्या की."

"मीही तेच म्हणते," खालच्या मजल्यावरची शेजारीण नामही म्हणाली. ती मुलाला, तेयुलला, घेऊन आपल्या किंबापच्या, भाताच्या सुरळ्यांच्या, दुकानाकडे निघाली होती. "पण दुकानात येणाऱ्या बायका घाबरवतात हो. सहावीत गणिताचा क्लास लावला नाही तर पोरगं कामातून गेलंच म्हणे. हानबितच्या आई, तुम्ही लावाल तेव्हा मला सांगा. दोघांना बरोबरच घालू."

"सांगेन की. आधी नववी तर येऊ दे."

हानबित पोहण्याची पिशवी घेऊन शेजारी उभी होती. पिशवीच्या तोंडातून गणिताच्या पुस्तकाचा कोपरा डोकावत होता. मिराननं तो हळूच आत ढकलला. नामहीचं लक्ष नव्हतं. तेयुल मात्र टक लावून बघत होता.

"पोहायला चाललीस होय गं?" नामहीनं हानबितचा गाल ओढला. "आमच्या तेयुलचं नाव मी हानबितच ठेवणार होते, ठाऊक आहे? तुझी आई आधी बाळंत झाली आणि नाव पळवलं."

सगळे हसले. मिरान जरा जास्तच हसली.

क्लास नदीपल्याड होता. मुद्दामच. ग्वांगजू शहरातल्या त्यांच्या इमारतीत एका घरचं पोर क्लासला लागलं की संध्याकाळपर्यंत दहा घरची लागत, आणि मग पुढे राहण्यात अर्थ तो काय उरला? मिराननं नाव फोनवरूनच घातलं. स्वतः तिकडे कधी फिरकली नाही. दाराशी कुणी ओळखीचं दिसलं तर? सर भेटायला बोलवत, ती कामाचं निमित्त सांगे. मुलीला तिनं दोन गोष्टी बजावल्या होत्या. येताना नळाखाली केस ओले करून यायचे. आणि शाळेत फार चमकायचं नाही.

हानबित गुणी मुलगी. दोन्ही गोष्टी तिनं नेमानं पाळल्या. घरी येई ती केसांतलं पाणी खांद्यावर निथळत, डोळे लालभडक, आणि भूक तर अशी की मिरानला पुन्हा भात लावावा लागे. किती तो अभ्यास, असं मिरानला वाटे. शाळेत गुण बेताचेच पडत. पण क्लासच्या दारात हानबितच्या नावाचं कार्ड टेकवलं की मिरानचा फोन वाजे: आपलं मूल वर्गात पोचलं. आणि दर चाचणीनंतर: आपलं मूल गटात पहिलं.

हा आनंद कुणाला सांगायची सोय नव्हती. नामहीला तर नाहीच. ती वरचेवर वर यायची, कधी मुळ्याच्या आंबट लोणच्याची, किमचीची, बरणी घेऊन, कधी नुसतीच. "तुमच्या सल्ल्यानं पोरगं सुखात वाढतंय," म्हणायची. ती किमची मिरानच्या घशाखाली उतरत नसे. रोज ठरवायची, उद्या सांगून टाकू. उद्या आला की पुन्हा खोटं बोलायची आणि दिवसभर स्वतःच्या तोंडाची तिला लाज वाटायची.

नववीत पालकसभा झाली. त्या संध्याकाळी नामही डबा घेऊन आली आणि चपला न काढताच दारात उभी राहिली.

"बाई काय म्हणाल्या ऐकलंत ना? आता सुरू करणाऱ्यांना उशीर झालाय. तेयुलचे गुण बरे पडतात हो, कसे पडतात देव जाणे. संध्याकाळभर चेंडू घेऊन कुठे भटकतो. पण शाळेच्या गुणांवर कोण विचारतंय? मीच त्याचं वाटोळं केलं." तिनं डोळे पुसले आणि हसायला बघितलं. "तुमचीही तशीच राहिली, एवढाच काय तो धीर. बुडू तर बरोबर बुडू."

मिरानला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हानबित सहावीपासून क्लासला जाते," ती म्हणाली. मान वर होईना. "पोहायला नाही. मी खोटं बोलले. तेयुल तिच्या पुढे जाऊ नये म्हणून."

नामहीनं हातातला डबा छातीशी धरला.

"केसानं गळा कापलात माझा."

"हो."

"माझा कापला असतात तर एक वेळ चाललं असतं. पोराचा कापलात."

"त्याला घेऊन चला," मिरान म्हणाली. "मी सरांच्या हातापाया पडते. जागा नसली तर हानबितची जागा देईन त्याला."

"द्याल?"

"देईन."

शनिवारी तिघं नदीपल्याड निघाली. हानबितचं पोट दुखत होतं, ती घरीच राहिली. बसमध्ये तेयुल दोनदा म्हणाला, "आई, नको ना. परत जाऊ."

"इतकी वर्षं उंडारलास, आता मुकाट्यानं चल," नामहीनं दटावलं.

पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझा राग आला असणार त्याला, मिरानला वाटलं, येणारच. तिनं त्याच्याकडे बघायचं टाळलं.

क्लासच्या दारात सर स्वतःच भेटले. मिरान कमरेत वाकली. "सर, चूक माझी आहे. या मुलाचा काही दोष नाही, तेवढं याला..."

सरांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी तेयुलच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघी बायकांकडे आळीपाळीनं बघत ते कौतुकानं हसले.

"ये ये, हानबित! सहावीपासून गटात पहिला, आणि आईला आणायला आज मुहूर्त लागला होय रे? यांतली तुझी आई कोणती?"