एक वाटी दही

"काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं, ते सांग," नितेश म्हणाला. "अन् खरं सांगजो."

"पोलिसावानी काऊन इचारून राहिला?" आई म्हणाली.

पार्वताबाईंचा डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. चार दिवसांपूर्वी न्हाणीत पाय सरकला, हात टेकला, तेवढ्यानेच मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झालीत, डॉक्टर म्हणाले. पुढच्या पडण्यात खुबा जाईल. म्हणून आज ट्रेनर असलेला नितेश अकोल्याच्या जिममधून सुट्टी काढून बार्शीटाकळीला आला होता, आणि नवीन मेंबरकडून भरून घ्यायचा खाण्यापिण्याचा कागद घेऊन आईसमोर बसला होता.

"सकायी चहा."

"दुधाचा?"

"कोरा."

हे त्याला ठाऊक होतं. जिममध्ये तो कौतुकाने सांगायचा: माझी आई खेड्यात राहून कोरा चहा पिते, तुम्हाला काय होतं?

"मंग भाकर अन् अंबाडीची भाजी. राती भाकर अन् वरन."

"वरनावर तूप?"

"नाई."

"दही? ताक?"

"नाई."

पेन थांबलं. मागच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. वीस-पंचवीस मेंबरांच्या ताटात रोज काय पडतं ते नितेशला तोंडपाठ होतं. आई मात्र सगळ्यांची जेवणं झाल्यावर आत एकटी जेवायची. तिच्या ताटात त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"कधीपासून?"

"झाले असतीन सोळा वर्सं."

बाहेर बाजेवर नितेशचे वडील वामनराव पडले होते. "मले वाटे तुया मायले दुधाचा वास येते," ते आतल्या दिशेने म्हणाले. "तिच्या वाटचं तूप म्याच खाल्लं. म्हून पाह्य माये हाडं कसे हायेत."

"तुमी झोपा," पार्वताबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून नितेशला म्हणाल्या, "तू सातवीत होता. पंधरा ऑगस्टच्या लेझीमची चड्डी तुले आली नाई. म्या उसवून बाजूनं तुकडा लावला, तरी आली नाई. मास्तरनं घरी धाडलं तुले. तू दोन दिवस शाळेत गेला नाई. तवा मारुतीपुढं म्हनलं, पोराचं अंग उतरू दे, मी दूधदुभतं तोंडात घेनार नाई."

नितेशला चड्डी आठवत होती. तुकडा आठवत नव्हता.

जिमच्या दारातच त्याचे दोन फोटो होते, एक तेव्हाचा आणि एक आताचा. त्या दोन फोटोंच्या मधली गोष्ट तो प्रत्येक नवीन माणसाला सांगायचा. अकरावीतली पहाट, अकोला रोडवरचं पळणं, फाटलेले बूट, तीन वर्षं. चार मिनिटांत संपायची ती. त्यात आई नव्हती.

"आई, मी पयत होतो व," तो हळूच म्हणाला. "तीन वर्सं. त्यानं उतरलं ते."

"पयत तं होता. मी दारातून पाह्यत होती ना. पन पयनारे लय असतात. सगळ्याईचं उतरते काय?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं. चांगलं तासाभराचं होतं. पण गेल्या जानेवारीत त्याच्याकडे चाळीस जण आले होते आणि त्यांतले अकराच टिकले होते. त्या अकरांचं काय वेगळं होतं, हे त्याला अजून कोणाला सांगता आलं नव्हतं.

"बरं, तुयाच्यानं उतरलं," तो म्हणाला. "आता तं उतरून नऊ वर्सं झाले. मंग नवस फेडला काऊन नाई?"

पार्वताबाईंनी प्लास्टरवरचा धागा ओढला. "फेडला अन् अंग परत सुटलं तं? पह्यले निस्ती चड्डीच होती. आता तुयं पोट हाय त्याच्यावर. जाड्या मास्तरच्या जिममंधी कोन येईन?"

नितेशने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"फेडू नोको," तो म्हणाला. "आठ दिवस पाह्यू. तू रोज एक वाटी दही खा. मी रोज सकायी काट्यावर उभा राह्यतो, अन् तुले फोन करतो. वजन वाढलं, की तू परत बंद कर. मी काई म्हननार नाई."

"खरं सांगशीन काय?"

"काट्याचा फोटो धाडीन."

"पाव किलो वाढलं तरी बंद."

"पाव किलो तं गिलासभर पानी प्यालं तरी वाढते, आई. एक किलो."

"अर्धा."

"बरं, अर्धा."

अर्धा किलोही पाण्याने वाढतो. आठ दिवस त्याला रात्रीचं जेवण जपावं लागणार होतं, मीठसुद्धा.

"आयका व," वामनराव बाहेरून म्हणाले, "मायं तूप बंद होते काय आता?"

नितेशने जाळीच्या कपाटातलं दह्याचं भांडं काढलं, वाटीत दही घातलं आणि चमच्यासकट आईपुढे ठेवलं. पार्वताबाईंनी वाटी कपाळाला लावली. काहीतरी पुटपुटल्या. मग एक चमचा तोंडात घातला, आणि तान्हं मूल नवी चव घेतं तसं बराच वेळ जिभेवरच ठेवला. गिळल्यावर डोळे मिटून थांबल्या.

मग चमचा वाटीत ठेवून त्यांनी उजवा हात पुढे केला आणि टी-शर्टवरून नितेशच्या पोटाला लावून पाहिला.

नितेशने खोल श्वास घेतला आणि पोट जेवढं आत ओढता येईल तेवढं ओढून धरलं.