एक सूत कमी

"सात सूत!" व्हर्लिनने टेप खटकन मिटली. "हॉइट, बघून घे. अक्षर सात सूत उंच आहे. कायद्याला पुरा इंच लागतो, म्हणजे आठ सूत. ही पाटी म्हणजे नुसती शोभा!"

नेल्डाच्या खाणावळीच्या दाराला सोमवारपासून ही पाटी लागली होती. वर इंग्रजी, खाली स्पॅनिश. मजकूर एवढाच, की परवाना असला तरी लपवलेलं पिस्तूल घेऊन कुणी आत येऊ नये. टेक्सासातल्या त्या टीचभर गावात तेवढ्यावर आठवडाभर पुरेल एवढी चर्चा झाली. बाकीच्यांनी पाटी वाचली, हसले आणि आत जाऊन अंडी मागवली. व्हर्लिन मात्र दारातूनच परतला. जन्मभर इमारत-तपासनीस होता तो. लोकांच्या जिन्याची पायरी अर्धा इंच चुकली तरी पुन्हा बांधायला लावलेला माणूस. नियम मोडून बिस्किटं खाणं त्याच्या घशाखाली उतरलं नसतं.

तीन दिवस तो समोर गाडीत बसून पेट्रोलपंपावरची कॉफी पीत होता. ती कॉफी म्हणजे शिक्षाच होती. पण खरी शिक्षा वेगळीच होती. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, घरी फ्रिज सोडला तर कुणी आवाज करत नव्हतं, आणि दिवसभरात जे काही बोलणं व्हायचं ते नेल्डाच्या खिडकीजवळच्या टेबलावर. ती नवऱ्यामागे सहा वर्षं एकटीने खाणावळ चालवत होती. व्हर्लिनला ती आवडायची. हे त्याने हॉइटलाही सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते फक्त हॉइटलाच माहीत होतं.

"तीन दिवस उपाशी राहून शेवटी मोजलीस काय?" हॉइट म्हणाला. "अरे, काढून ठेव ते पिस्तूल गाडीत नि चल मुकाट्याने."

"एकोणीस वर्षं आहे कमरेला. कुणाला दिसलंय कधी?"

दिसलं नव्हतं, हे खरं. व्हर्लिनला त्याचा फार अभिमान होता. लपवायचं म्हणजे लपवायचं. काही पडलं तर वाकायचं नाही, गुडघ्यात बसून उचलायचं. चर्चमध्ये, लग्नात, मयताला कुणी गळ्यात पडायला आलं की उजवं कोपर आवळायचं आणि डावा खांदा पुढे करायचा. आता हे सगळं अंगवळणी पडलं होतं.

"एका सुतावरून स्वर्ग गाठ तू," हॉइट म्हणाला. "मला भूक लागलीय." त्याचं पिस्तूल बुटात असायचं. तो तसाच आत शिरला.

व्हर्लिनने काचेतून पाहिलं. नेल्डाची रीत ठरलेली होती. जुन्या गिऱ्हाइकाला आधी मिठी, मग कॉफी. तिने एकदा हॉइटच्या बुटाकडे पाहिलं, हसली, आणि अशी कडकडून मिठी मारली की त्याची टोपी पडली.

व्हर्लिनचं पित्त खवळलं. आता त्यालाही कोण अडवणार होतं? कायद्याने तो मोकळा होता. त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला, आणि मग खिडकीजवळचं टेबल त्याला दिसलं. कप पालथा मांडलेला, शेजारी त्याच्या आवडीचा पीचचा मुरंबा. आत गर्दी होती, तरी तिथे कुणाला बसू दिलं नव्हतं.

सहा वर्षांत या बाईने आपल्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं, असं त्याच्या मनात आलं. आज मागतेय, तर आपण टेप घेऊन उभे.

तो गाडीकडे परत गेला. पिस्तूल कप्प्यात ठेवलं, कुलूप लावलं, आणि आत आला. उजवी बाजू इतकी हलकी झाली होती की आपण चालताना डावीकडे कलतोय असं त्याला वाटत होतं.

नेल्डा किटली ठेवून पुढे आली. तिने हात पसरले. व्हर्लिनचं कोपर आपोआप आवळलं गेलं, डावा खांदा पुढे झाला.

"ए, सरळ उभा राहा," ती म्हणाली. "आहे का काही कमरेला?"

"नाही. गाडीत ठेवलंय."

"मग कोपर कशाला आवळतोयस?"

त्याने कोपर सोडलं. तिने त्याला समोरून, दोन्ही हातांनी घट्ट मिठी मारली. तिच्या केसांना दालचिनीचा वास होता. सहा वर्षं रोज भेटत असून त्याला तो ठाऊक नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

"सहा वर्षं मी तुझा डावा खांदाच कवटाळतेय," ती हळूच म्हणाली. "वाटायचं, या माणसाला माझा कंटाळा आहे. मग रविवारी हॉइट म्हणाला, तसं नाही गं, त्याच्या उजवीकडे पिस्तूल असतं."

हॉइटने बशीत तोंड खुपसलं.

जन्मभर जे बोलत आला तेच व्हर्लिनच्या तोंडून निघालं. "पण नेल्डा, ती पाटी एक सूत कमी आहे. असल्या पाटीने तुला कुणाला अडवता यायचं नाही."

"ठाऊक आहे रे. माझंच एक पिस्तूल गल्ल्याखाली पडलेलं असतं." तिने त्याचा पालथा कप सुलटा करून कॉफी ओतली. "सगळ्यांसाठी लावली असती, तर अक्षरं पुरी इंचभर काढली असती."